आयक्लर घरातली बारा वर्षं

सनीव्हेलमधलं हे घर आम्ही २०१२ मध्ये घेतलं ते चौकासाठी. मधोमध आकाशाला उघडा चौक आणि त्याच्या कडेने जमिनीपासून छतापर्यंत काच. सासूबाई पहिल्यांदा आल्या तेव्हा दारातच थबकल्या, म्हणाल्या, “अगं, हा तर वाड्याचाच चौक!” जोसेफ आयक्लर यांनी १९४९ नंतरच्या दीड-दोन दशकांत कॅलिफोर्नियात सुमारे ११,००० घरं बांधली. आमचं १९६० सालचं.

चौक वाड्याचा असला तरी भिंती वाड्याच्या नाहीत, हे पहिल्या जानेवारीतच कळलं. कोब्यात पुरलेल्या नळांतून गरम पाणी फिरायचं, पाय शेकायचे, आणि काचेकडची पाठ गारठलेलीच. ही घरं स्वस्त गॅसच्या काळातली. घरबांधणीत ऊर्जा वाचवण्याचे नियम कॅलिफोर्नियात १९७८ मध्ये आले.

२०१४ मध्ये आम्ही काचा बदलल्या. डोळ्यांना दिसतं तेच आधी सुधारावंसं वाटतं. चांगल्या दुहेरी काचेतून एकेरीच्या साधारण तिसरा हिस्साच उष्णता बाहेर जाते, हे खरं. पण साठवलेले सगळे पैसे त्यात गेले आणि बिल मनासारखं उतरलं नाही. खरी गळती डोक्यावर होती. या घरांना माळा नसतो. तुळयांवर लाकडी फळ्या, फळ्यांवर डांबर नि खडी. आतून जे छत, तेच बाहेरून छप्पर. एका ठेकेदाराने आतून फॉल्स सीलिंग सुचवलं. तुळया झाकल्यावर या घरात उरलं काय असतं? तीन हिवाळे थांबलो आणि २०१७ च्या उन्हाळ्यात वरूनच फोम फवारून घेतला, त्यावर पांढरा लेप. कडेला तो निमुळता करून घेतला, म्हणून रस्त्यावरून छपराची रेघ पूर्वीइतकीच बारीक दिसते. त्याच सप्टेंबरात उष्णतेची लाट आली, आणि भर दुपारी बैठकीच्या खोलीत पहिल्यांदाच बसता आलं.

कोब्यातला एक नळ २०२० मध्ये फुटला. सगळे नळ सोडून द्या, असा सल्ला मिळाला. आम्ही उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्याने जागा शोधली, हातभर कोबा फोडला आणि तेवढाच नळ सांधला. दोन वर्षांनी गॅसच्या बॉयलरच्या जागी हीट पंप बसवला तेव्हा त्याचं चीज झालं. कोब्याला ३५-४० अंशांचं पाणी पुरतं, आणि पाणी कोमटच करायचं असेल तर हीट पंपाला वीजही कमी लागते. १९६० चे नळ नव्या यंत्राशी असे जुळले, याचं मला अजून अप्रूप वाटतं.

तुम्ही असं घर घेत असाल, तर काचांचा अंदाज मागवण्याआधी छपरावर काय आहे ते बघून घ्या. आमचे ते तीन हिवाळे तुमचे वाचतील.