अटकेपासून कटकपर्यंत : मोबाईलवरचा भगवा नकाशा वाचायचा कसा?

१९ फेब्रुवारी जवळ आली की गावोगावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तोच नकाशा फिरायला लागतो. वर अटक, उजवीकडं कटक, खाली तंजावर आणि मधला बहुतेक मुलूख एकाच भगव्या रंगात. कुणीतरी खाली लिहितं, "हे सगळं खोटं आहे." मग दोन दिवस वादावादी, एखादा ग्रुप सोडून जातो. खरं सांगायचं तर नकाशा पूर्ण खोटा नाही. पण त्यावर साल नसतं, आणि एकाच रंगात तीन वेगवेगळ्या गोष्टी भरलेल्या असतात.

आपला सातबाराच बघा ना. जमीन एकाच्या नावावर असते, इतर हक्कात दुसऱ्याचा बोजा असतो, आणि बांधावरनं तिसऱ्याची वहिवाट असते. तिघांचाही त्या रानाशी संबंध, पण तिघांनाही मालक म्हणून चालेल का? मराठ्यांच्या राज्याचं तसंच होतं.

पहिला भाग म्हणजे स्वराज्य. इथं किल्ले आपले, सारा आपला, न्यायनिवाडा आपला. १६८० साली शिवाजी महाराज गेले तेव्हा हे राज्य मुख्यतः सह्याद्री, कोकण, कर्नाटकातला काही भाग आणि दक्षिणेत जिंजी-वेलोर इतकं होतं. शिवजयंतीला फिरणारा नकाशा त्यानंतर जवळजवळ ८० वर्षांनंतरचा, साधारण १७५८ ते १७६० चा आहे, हे बऱ्याच जणांच्या ध्यानातच येत नाही.

दुसरा भाग चौथाईचा. १७१९ मध्ये बाळाजी विश्वनाथ पेशव्यांनी दिल्लीहून सनदा आणल्या. दख्खनच्या सहा सुभ्यांतून, म्हणजे खानदेश, वऱ्हाड, औरंगाबाद, बीदर, विजापूर आणि हैदराबाद यांतून, महसुलाचा चौथा हिस्सा चौथाई आणि शेकडा १० सरदेशमुखी वसूल करायचा हक्क शाहू महाराजांना मिळाला. मुलूख मात्र कागदोपत्री बादशहाचा, आणि पुढं प्रत्यक्षात निजामाचा. म्हणजे सातबारा निजामाच्या नावावर आणि इतर हक्कात मराठ्यांचा बोजा! मराठवाड्यातली बरीच गावं अशीच होती. वसुलीला निजामाचा अंमलदारही यायचा आणि मराठ्यांचा कमाविसदारही. शेतकऱ्यानं तोंड द्यायचं ते दोघांना. आपल्याकडची म्हातारी माणसं त्या भागाला अजून 'मोगलाई' म्हणतात, ते उगाच नाही.

तिसरा भाग मोहिमेचा. फौज गेली, लढली, खंडणी ठरवली आणि परत फिरली. अटक यातच येतं. एप्रिल १७५८ मध्ये राघोबादादा आणि मल्हारराव होळकर लाहोरात पोचले, फौजा पुढं सिंधूकाठच्या अटकेपर्यंत गेल्या. पराक्रम मोठाच. पण कारभार बघायला ठेवला अदीना बेग, वर्षाला ७५ लाख देण्याच्या बोलीवर. तो त्याच वर्षी वारला. १७५९ संपता संपता अब्दाली परत आला आणि पंजाब हातचा गेला. म्हणजे अटकेचा भगवा रंग जेमतेम दीड वर्षाचा.

कटकचं उलट आहे. १७५१ च्या तहानं ओडिशा नागपूरकर भोसल्यांकडं आला आणि १८०३ मध्ये इंग्रजांनी घेईपर्यंत राहिला. दीड वर्ष आणि बावन्न वर्षं एकाच रंगात रंगवली की दोन्हीची किंमत कळत नाही. माझ्या मते तर कटकवर अन्यायच होतो. 'अटकेपार झेंडा' सगळ्यांना पाठ, पण तिकडं दोन पिढ्या कारभार चालला हे किती जणांना ठाऊक?

बंगालचं तर नीटच बोललं पाहिजे. काही नकाशात तोही भगवा दाखवतात. १७४२ पासून नागपूरकरांच्या स्वाऱ्या तिकडं झाल्या, शेवटी नवाब अलीवर्दी खानानं वर्षाला १२ लाख चौथाई कबूल केली. पण बंगाली लोकांत या फौजांची आठवण 'बर्गी' म्हणून, लुटारू म्हणून राहिली आहे. हा शब्द आपल्या 'बारगीर'वरूनच गेलेला. इंग्रजांनी तर भीतीपोटी कलकत्त्याभोवती खंदक खणायला घेतला, त्याचं नावच मराठा खंदक.

आणि घराजवळची भोकं? जंजिरा शेवटपर्यंत सिद्दीकडं राहिला. गोवा पोर्तुगीजांकडं, मुंबई इंग्रजांकडं. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई घेतली, पण शेजारची मुंबई नाही. हजार मैलांवरच्या अटकेला फौज जाते आणि जंजिरा हाती लागत नाही, हे त्या काळाचं खरं चित्र.

तंजावरचं राज्य व्यंकोजीराजांच्या वंशजांचं, वेगळं. ते पुण्याच्या हुकुमाखाली नव्हतं.

आता आपलं गाव यात कुठं बसत होतं? ते अशा नकाशात सापडायचं नाही, जुन्या कागदात सापडेल. पाटील, कुलकर्णी, देशमुखांच्या घरी माळ्यावर मोडीतली दप्तरं अजून पडून आहेत. त्यात परगणा, सुभा आणि वसूल कुणाकडं भरला ते लिहिलेलं असतं. वाळवी लागायच्या आत मोबाईलनं नीट फोटो काढून ठेवा आणि मोडी वाचणाऱ्या माणसाला दाखवा. मूळ कागद मात्र कुणाला देऊन टाकू नका.