थांबलेली वाट पुन्हा धरताना

अमेरिकेच्या पूर्वेकडील डोंगरांतून अ‍ॅपलेशियन नावाची एक पायवाट जाते. लांबी सुमारे ३,५०० किलोमीटर. वाटेत १४ राज्ये लागतात. १९३७ साली ती पुरी झाली. झाडांवरचे पांढरे पट्टे पाहात चालायचे. वसंतात दक्षिणेकडून निघालेल्याला उत्तर टोकाचा कटाडिन पर्वत ऑक्टोबरच्या मध्यापूर्वी गाठावा लागतो. पुढे थंडी आड येते.

आता समजा, एक नवराबायको निघाले आणि अर्ध्या वाटेत बाईंचा घोटा मुरगळला. मग काय करावे? दुखणे थांबले म्हणजे पाय बरा झाला, असे नाही. सांधा धरून ठेवणारे बंध ताकद धरायला कित्येक आठवडे घेतात. घाई केली, तर तोच पाय पुन्हा मुरगळतो. म्हणून डॉक्टरांना विचारून आधी सपाटीवर, मग चढावर, थोडे थोडे चालावे. बाईंचे सारे ओझे धन्याने उचलले, तर त्याचे गुडघे बोलू लागतात. तेव्हा ओझेच कमी करावे. चाल मात्र दुखऱ्या पायाची धरावी.

आणि वाया गेलेले दिवस? त्यालाही तोड आहे. दोघांनी गाडीने उत्तर टोकाला जावे आणि तेथून उलटे, सोडलेल्या जागेपर्यंत चालत यावे. सारी वाट पायांखालून गेली की झाले. क्रम कोणी विचारीत नाही.

एमा गेटवुड या आजीबाईंना १९५४ साली वाट चुकून, चष्मा फुटून घरी परतावे लागले. १९५५ साली, वयाच्या ६७ व्या वर्षी, त्यांनी एकटीने सबंध वाट पुरी केली.

तेव्हा परत फिरायची वेळ आली, तर खुशाल फिरावे. डोंगर कुठे पळून जातात?