टोक-टोक मी: सिंगापूरच्या नूडल्सची भारी प्लेट ओळखायची कशी?

हेडफोन लावून भाग ऐकला असेल, तर सुरुवातीचा आवाज आठवत असेल. टोक-टोक, टोक-टोक. बांबूचे दोन तुकडे एकमेकांवर आपटल्याचा. ज्यांना ऐकायला सवड मिळाली नाही, त्यांच्यासाठी हा भाग नेहमीप्रमाणे थोडी काटछाट करून इथे लिहून देतोय.

तर हा आवाज कशाचा? आपल्याकडे गल्लीत घंटी वाजली की कुल्फीवाला आला हे कळतं ना, तसंच. सिंगापूर आणि मलेशियात एकेकाळी बांबूची टोक-टोक ऐकू आली की नूडल्सवाला आला म्हणून समजायचं. गाडी कोपऱ्यावर उभी राहायची आणि एखादा पोऱ्या बांबू वाजवत गल्लीबोळांतून फिरायचा, ऑर्डर घ्यायचा, गरम वाट्या दारात आणून द्यायचा. ॲप नसलेल्या काळातली होम डिलिव्हरी! त्यावरून या पदार्थाचं नावच पडलं 'टोक-टोक मी'. यातलं 'मी' म्हणजे नूडल्स बरं का, मी-तू मधलं नाही. आज त्याला सगळे 'वॉनटन मी' म्हणतात.

आपल्या एका श्रोत्याने विचारलं होतं, "सिंगापूरला चाललोय. भाजलेलं पोर्क घातलेली सगळ्यात भारी वॉनटन मी कुठे मिळेल? एकच नाव सांग." मी एक नाव सांगणार नाही. कोल्हापुरात जाऊन "खरी मिसळ कुठली?" असं विचारून बघा, दहा जण दहा दुकानं सांगतील आणि वर भांडतीलही. त्यापेक्षा चांगली प्लेट ओळखायची कशी, ते सांगतो. ते एकदा जमलं की कुठल्याही फूड सेंटरमध्ये तुमचं अडणार नाही.

आधी नूडल्स

आपल्या गाडीवरच्या हाक्का नूडल्स डोक्यातून काढून टाका. त्या कढईत परततात, या उकळत्या पाण्यात शिजतात. मूळ पदार्थ दक्षिण चीनच्या ग्वांगडाँग प्रांतातला. तिथून बाहेर पडलेल्या कष्टकरी लोकांबरोबर तो हाँगकाँग, मलाया, सिंगापूरला पोचला. गव्हाचं पीठ, अंडं आणि क्षाराचं पाणी हे या नूडल्सचं भांडवल. क्षार म्हणजे काय? आपण पापडाच्या पिठात पापडखार घालतो ना, त्याच कुळातला. त्याने पीठ चिवट होतं आणि पिवळेपणा वाढतो.

पण क्षार आला की त्याचा वासही आला, थोडा साबणासारखा. म्हणून स्टॉलवाला काय करतो बघा: नूडल्स जेमतेम मिनिटभर उकळत्या पाण्यात, मग झटकन गार पाण्यात, मग पुन्हा गरम पाण्यात बुचकळून, नीट निथळून प्लेटमध्ये. गार पाण्याने वरचा चिकटपणा आणि क्षाराचा वास जातो आणि शिजणं तिथेच थांबतं. म्हणून त्या दाताखाली टणक, उडी मारणाऱ्या लागतात.

पहिली परीक्षा इथेच. एक घास फक्त नूडल्सचा खा. साबणासारखा वास आला किंवा गोळा झाला असेल, तर वरचं मांस कितीही छान असो, ती प्लेट नापास.

मग मांस

भाजलेल्या पोर्कचे इथे दोन मुख्य प्रकार. एक 'सिउ युक': कातडीला टोचे मारून, मीठ लावून, सुकवून भाजलेलं, वरून पापडासारखं कुरकुरीत. दुसरा 'चार सिउ', आणि वॉनटन मीवर बहुतेक वेळा हाच असतो. या 'चार'चा आपल्या दोन-तीन-चारशी काही संबंध नाही. कँटोनीजमध्ये त्याचा अर्थ काट्यावर भाजलेलं. सोया सॉस, साखर, पाच मसाल्यांची पूड अशा गोष्टींत मुरवलेल्या मांसाच्या पट्ट्या आकड्यांना टांगून भाजायच्या. टांगल्यामुळे चरबी खाली ठिबकते आणि चारही बाजूंनी आच लागते. वरून माल्टोजच्या घट्ट पाकाचा हात फिरवतात, त्यातून चकाकी येते आणि कडा जराशा करपतात. ती करपलेली कडा म्हणजे जीव की प्राण!

इथे नवखे लोक फसतात. लालभडक दिसलं की भारी, असं वाटतं. पण लाल रंग बाटलीतूनही येतो, करपलेली कडा येत नाही. तेव्हा लाली सोडा, काळसर कडा शोधा. मांसात थोडी चरबी हवी, नुसतं लीन मांस कोरडं पडतं. आणि स्टॉलवाला ऑर्डर आल्यावर काप करतोय की सकाळीच कापून ढीग लावून ठेवलाय, तेही बघा. ढिगातले काप वाळतात.

बाकीची मंडळी

ऑर्डर देताना प्रश्न येतो: ड्राय की सूप? चार सिउची चव कळायची असेल तर ड्राय घ्या. वॉनटन, म्हणजे मांस भरलेल्या पातळ पारीच्या पुरचुंड्या, मग वेगळ्या छोट्या वाटीत सूपमध्ये येतात. सॉसवरून मात्र दोन देशांत जुना वाद आहे. क्वालालंपूरकडे काळ्या, दाट सोया सॉसमध्ये नूडल्स अगदी काळ्या करतात. सिंगापुरात बऱ्याच ठिकाणी तिखट चिली सॉस घालतात, कुठेकुठे त्यात टोमॅटो केचपही. मलेशियन माणसासमोर केचपचं नाव काढायच्या आधी नीट विचार करा!

सोबत व्हिनेगरमधल्या हिरव्या मिरच्या असतात. त्या बाजूला सारू नका. आपल्याकडे मटणाबरोबर कांदा-लिंबू जे काम करतं, तेच काम त्या इथे करतात.

आणि हो, फोटो एकच काढा. मी पहिल्यांदा खाल्ली तेव्हा अँगल शोधण्यात पाच मिनिटं घालवली. तोवर नूडल्सनी सगळा सॉस पिऊन टाकला आणि प्लेटमध्ये एक लगदा उरला. हॉटेलवर मागवून घेतली तरी तेच होतं. हा पदार्थ स्टॉलसमोर बसून खायचा.

पोर्क न खाणाऱ्यांसाठी: चिनी शाकाहारी स्टॉलवर ग्लुटेन किंवा सोयाचं नकली चार सिउ मिळतं. फक्त नूडल्समध्ये अंडं आहे का, ते विचारून घ्या.

रांग आणि तारा

"लांब रांग दिसली की उभं राहायचं" हा सल्ला अर्धाच खरा. कधी रांग चवीमुळे असते, तर कधी आत एकटाच माणूस राबतोय म्हणून. आणि कधी रीलमुळे.

2016 मध्ये सिंगापूरचं पहिलं मिशलिन गाइड आलं. त्यात चायनाटाउन कॉम्प्लेक्समधल्या चान हॉन मेंग यांच्या सोया सॉस चिकनच्या स्टॉलला एक तारा मिळाला. प्लेट जेमतेम दोन-अडीच डॉलरची! जगातलं सगळ्यात स्वस्त मिशलिन जेवण म्हणून गाजावाजा झाला, तासन् तास रांगा लागल्या, शाखा निघाल्या. 2021 मध्ये तो तारा गेला. त्याच चायनाटाउन कॉम्प्लेक्समध्ये दोनशेहून जास्त स्टॉल आहेत. सगळे एकाच रांगेत उभे राहिले, तर बाकीच्यांची चव घेणार कोण?

खरा प्रश्न किमतीचा

आता मुद्द्याचं. हे फेरीवाले पूर्वी रस्त्यावरच होते. ना नळ, ना सांडपाण्याची सोय. 1968-69 मध्ये सरकारने त्यांची नोंदणी केली आणि 1986 पर्यंत टप्प्याटप्प्याने सगळ्यांना छपराखालच्या हॉकर सेंटरमध्ये हलवलं. पहिल्या पिढीतल्या अनेकांना सवलतीच्या भाड्यात जागा मिळाली, त्यामुळे प्लेट स्वस्त राहिली. 2020 मध्ये युनेस्कोने या हॉकर संस्कृतीला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं.

वारसा झाला, पण राबणारे हात म्हातारे झाले. अनेक हॉकर साठीच्या आसपास आहेत किंवा पुढे गेलेत. पहाटे उठून मांस भाजायचं, वॉनटन वळायचे, आगीसमोर उभं राहायचं आणि प्लेट विकायची चार ते सहा सिंगापूर डॉलरला, म्हणजे साधारण अडीचशे ते चारशे रुपयांना. नव्या माणसाला स्टॉलसाठी बोली लावावी लागते. त्याने अर्धा डॉलर वाढवला तर गिऱ्हाईक कुरकुरतं. तेच गिऱ्हाईक मॉलमध्ये जपानी रामेनला तिप्पट पैसे निमूट मोजतं. दोन्हीकडे नूडल्स, दोन्हीकडे पोर्क. एकाने स्वस्तच राहायचं, हे आपणच ठरवून टाकलंय.

आपल्याकडेही वडापाव पाच रुपयांनी वाढला की आपण वैतागतो आणि कॉफीला तीनशे देतो. म्हणून हे आपल्यालाही लागू आहे.

तेव्हा "सर्वोत्तम" शोधायला निघालात तर यादी खिशात ठेवा आणि सकाळी जा, कारण चांगले स्टॉल दुपारपर्यंत संपतात. ज्या स्टॉलवर चार सिउ नुकतंच आकड्यावर टांगलंय, नूडल्स एकेका प्लेटपुरत्या उकळतायत, तिथे बसा. आवडलं तर काकांना सांगा, किंमत थोडी जास्त असली तर कुरकुरू नका. आणि उठताना ट्रे परत ठेवा, 2021 पासून तिथे ते सक्तीचं आहे!

तुमच्या गावातली अशी एखादी गाडी आहे का, जिचा पुढचा वारस कोण हे कुणालाच माहीत नाही? व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या भागात वाजवू. तोवर खात राहा, ऐकत राहा!