बॉनेटखाली साठ बैलजोड्या

पुणे जिल्ह्यातल्या बेल्ह्याच्या सोमवारच्या बाजारात बैलांच्या रांगांमधून चालताना एकदा साठ जोड्या मोजून बघा. शेतीच्या अवजारांचा अभ्यास करणाऱ्यांचा एक जुना ठोकताळा आहे: नांगर ओढणारी बैलजोडी म्हणजे साधारण एक अश्वशक्ती. म्हणजे साठ जोड्यांची झाली साठ अश्वशक्ती. एकशेवीस बैल, चारशेऐंशी खूर. बाजाराचा केवढा कोपरा लागेल! आणि एवढं बळ एका अमेरिकन माणसाने एका छोट्या बॉनेटखाली मावेल अशा इंजिनात कोंबलं. त्या गाडीला आपण पिढ्यान् पिढ्या एकाच नावाने हाक मारतो, जीप.

अमेरिकन गाड्यांचे शौकीन ‘मसल कार’चं नाव काढलं की हळवे होतात. 1964 मध्ये पाँटियॅक कंपनीने मध्यम आकाराच्या गाडीत 6.4 लिटरचं आठ सिलिंडरांचं दांडगं इंजिन बसवलं आणि तिला जीटीओ म्हटलं. 325 अश्वशक्ती! युक्ती एका ओळीची: अंग बेताचं, इंजिन बेफाम. पण ही युक्ती त्याआधी चोवीस वर्षं युद्धाच्या घाईत वापरून झाली होती, आणि माझ्या मते जास्त शहाणपणाने.

1940 साली अमेरिकी सैन्याला हलकी, चारही चाकांना ताकद देणारी गाडी हवी होती. बँटम या छोट्या कंपनीने 49 दिवसांत नमुना उभा केला. तिचं इंजिन साधारण 45 अश्वशक्तीचं. विलिस कंपनीचा मुख्य इंजिनिअर बार्नी रूस याच्याकडे मात्र 2.2 लिटरचं, 60 अश्वशक्तीचं ‘गो डेव्हिल’ इंजिन तयार होतं. अडचण वजनाची. सैन्याने घातलेली 2,160 पौंडांची, म्हणजे सुमारे 980 किलोंची मर्यादा त्याची गाडी ओलांडत होती. इंजिन हलकं घ्यावं तर ताकद गेली. मग रूसने गाडी सुटी केली आणि वाण्याच्या तराजूत टाकावा तसा एकेक भाग तोलला. बोल्टची जास्तीची टोकं कापली, पत्रा पातळ केला, रंगाचा हातसुद्धा एकच दिला. रंगाला वजन असतं हे आपल्या कधी लक्षात येतं का? गाडी मर्यादेत बसली. पुढे विलिस आणि फोर्ड मिळून युद्धकाळात सहा लाखांहून अधिक जीप बनल्या.

नुसत्या अश्वशक्तीने घाट चढता येत नाही. बेल्ह्याहून नगरकडे निघालं की आणे घाट लागतो. भरल्या बैलगाडीला असा चढ आला की गाडीवान पुढे आणखी एक जोडी जुंपणार. जीपमध्ये हे काम जादा गिअरपेटी करते. छोटा दांडा ओढला की चाकं जवळजवळ निम्म्या वेगाने फिरतात आणि ओढ जवळजवळ दुप्पट होते. इंजिन तेच, बैल तेवढेच, तरी नवी जोडी जुंपल्याचा गुण! वर पुढची चाकंही ओढायला लागतात, म्हणजे मागची चिखलात रुतली तरी गाडी अडून बसत नाही.

आपल्याकडे ही गाडी आणली महिंद्रांनी. के. सी. महिंद्रा युद्धकाळात सरकारी कामासाठी अमेरिकेत होते. 1945 मध्ये सुरू झालेली त्यांची कंपनी तेव्हा महिंद्रा अँड मोहम्मद होती. भागीदार गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि 1948 मध्ये कंपनीचं नाव बदललं. विलिसचे सुटे भाग बोटीने येत आणि मुंबईत माझगावला जोडले जात. पुढे उंच बॉनेटची सीजे-थ्रीबी आली. तिच्या नव्या इंजिनात आत घेणाऱ्या झडपा डोक्यावर गेल्या, इंजिनाची उंची वाढली, म्हणून बॉनेटही वर उचलावं लागलं. अमेरिकेत हे मॉडेल 1968 मध्ये बंद झालं. आपल्याकडे मात्र तिचा वंश कितीतरी दशकं चालला, त्यात ट्रॅक्टरच्या घराण्यातली डिझेल इंजिनंही बसली. मागचा भाग लांबवून दोन बाकं समोरासमोर टाकली की ती गावोगावची प्रवासी जीप. सातारा-सांगलीकडे तिला वडाप म्हणतात. ‘अजून दोन सीट बसतील’ या वाक्याला अमेरिकेत कोणी इंजिनिअर तयार नव्हता.

खरी गंमत पुढेच आहे. जीपचं नाव विकलं जात-जात अनेक मालकांकडून फियाट-क्रायस्लरकडे गेलं आणि 2017 मध्ये त्या कंपनीने जीप कंपास बनवायला घेतली ती रांजणगावला! ओझर-लेण्याद्री करून अष्टविनायकाची बस जिथे महागणपतीला जाते, तिथे. म्हणजे माझगावला उतरलेली धाकटी पाती आणि अमेरिकेत राहिलेली थोरली पाती, दोघी पुणे जिल्ह्यात भेटल्या. भेटल्या आणि भावकीसारख्या भांडल्या. 2018 मध्ये महिंद्रांनी रॉक्सर नावाची गाडी खुद्द अमेरिकेत बनवायला सुरुवात करताच फियाट-क्रायस्लरने तक्रार केली, की रूप आमच्या जीपचं आहे. 2020 मध्ये तिथल्या व्यापार आयोगाने ते मान्य केलं. महिंद्रांना गाडीचा चेहरा बदलावा लागला.

रांजणगावच्या कंपासच्या तोंडावर सात उभ्या फटी आहेत. पुढच्या सोमवारी बाजाराला गेलात, तर रस्त्याकडेच्या जुन्या जीपच्या फटी जरा मोजून या.