सत्तर गुंठे भात, तीस गुंठे परडं

0.7 अधिक 0.3. या बेरजेने गेली कित्येक वर्षं माझा पिच्छा पुरवला आहे. ती सापडते कॉर्नेल विद्यापीठाने 1973 साली सायक्लोस्टाईल करून काढलेल्या एका अभ्यासात. विषय ग्रामीण जावातली लोकसंख्या आणि दारिद्र्य. लेखक दोन : डेव्हिड पेनी हे ऑस्ट्रेलियातले शेतीचे अर्थतज्ज्ञ आणि मास्री सिंगारिम्बुन हे उत्तर सुमात्रातल्या कारो समाजात जन्मलेले मानवशास्त्रज्ञ. योग्यकार्ताच्या दक्षिणेला बांतुल जिल्ह्यात इमोगिरीजवळ श्रीहार्जो नावाचं गाव आहे. ते या दोघांनी धरलं आणि गावकऱ्यांकडून एका साध्या प्रश्नाचं उत्तर काढून घेतलं : एका कुटुंबाला किती जमीन असली की ददात उरत नाही? गावाचं उत्तर पक्कं होतं. 0.7 हेक्टर सावाह, म्हणजे पाण्याखालची भातखाचरं, आणि 0.3 हेक्टर पकारांगान, म्हणजे घराभोवतीचं परडं. आपल्या हिशेबात साधारण सत्तर गुंठे भात आणि तीस गुंठे परडं. एवढं ज्याच्याकडे आहे, त्याला गाव ‘चुकुपान’ म्हणे : खाऊनपिऊन सुखी. श्रीहार्जोत असे चुकुपान हाताच्या बोटांवर मोजावे इतकेच. बाकीचं गाव त्या अडीच एकरांच्या खूप खाली.

अर्थतज्ज्ञांनी ठरवलेल्या दारिद्र्यरेषा ढिगाने सापडतात. त्याच दशकात बोगोरच्या साजोग्यो यांनी तांदळात रेषा आखली : खेड्यात माणशी वर्षाला 320 किलो तांदळाच्या खाली तो गरीब, 240 च्या खाली फार गरीब, 180 च्या खाली सर्वांत गरीब. श्रीहार्जोचं माप वेगळं होतं. ते गरिबांनीच सांगितलं होतं आणि त्यात हाव नव्हती.

जावाची पार्श्वभूमी बहुतेकांना माहीत असते : महाराष्ट्राच्या निम्म्याहूनही लहान बेट, 2020 च्या जनगणनेत 15 कोटींवर माणसं, ज्वालामुखीची काळी माती, वर्षाला दोन, कुठे तीन पिकं. इतकी माणसं इतक्या कमी जमिनीवर कशी जगतात, यावर गेल्या शतकात सर्वांत गाजलेलं उत्तर क्लिफर्ड गीर्त्झ यांनी दिलं. पूर्व जावातल्या पारे या गावाला ‘मोजोकुटो’ असं टोपणनाव देऊन 1952 ते 54 ते तिथे राहिले आणि 1963 साली त्यांचं ‘अॅग्रिकल्चरल इन्व्होल्यूशन’ आलं. भातखाचराला जितकी माणसं लावाल तितकी ते सामावून घेतं, उत्पन्न रेटून वाढतं, दरडोई मात्र आहे तिथेच राहतं. आणि गाव कामाचे व घासाचे बारीक बारीक तुकडे करून सगळ्यांना वाटतं, असा त्यांचा दावा. वाटून घेतलेली गरिबी. मांडणी इतकी देखणी की दोन दशकं ती पाठ्यपुस्तकांत टिकली.

माझं मत मी आधीच सांगून टाकतो : गीर्त्झ लिहायचे फार सुंदर, पण जमिनीच्या बाबतीत ते चुकले. वही घेऊन बसलेल्यांनी त्यांना उघडं पाडलं. योग्यकार्ताच्याच पश्चिमेला कुलोन प्रोगो जिल्ह्यात बेंजामिन व्हाइट 1972-73 मध्ये एका गावात राहिले. त्या गावाचं त्यांनी ठेवलेलं टोपणनाव काली लोरो. घराघरांतली मोठी माणसं आणि मुलं दिवसाचे किती तास कशात घालवतात, हे त्यांनी मोजलं. ज्यांच्याकडे जमीन कमी ते जास्त तास राबत होते आणि तासाला कमी मिळवत होते. वाटून घेणं होतं, पण सारखं वाटून घेणं नव्हतं. 1983 साली व्हाइट यांनी गीर्त्झवरच्या वीस वर्षांच्या टीकेचा लेखाजोखा मांडला. पुढच्याच वर्षी गीर्त्झ यांनी टीकाकारांना बऱ्यापैकी खोचक उत्तर दिलं. वाद पुढेही चालला, पण भूमिहीन आणि जमीनवाले हा भेद जावाच्या खेड्यात फार जुना आहे, ही बाब कुणी परत झाकू शकलं नाही. गावानेच त्याच्या पायऱ्या लावल्या होत्या. सावाह आणि घरजागा दोन्ही असलेला तो गोगोल किंवा कुली कंचंग, गावकीत पूर्ण मान त्याचा. त्याखाली फक्त घरजागेचा मालक. सर्वांत खाली दुसऱ्याच्या परड्यात झोपडी घालून राहणारा.

या सगळ्या वादात सिंगारिम्बुन मला सर्वांत जवळचे वाटतात. त्यांची पीएच.डी. ऑस्ट्रेलियातली, कारो समाजाच्या नातेसंबंधांवरची. पुढे ते गद्जा माडा विद्यापीठात लोकसंख्येच्या अभ्यासाचे आधारस्तंभ झाले आणि सोफियान एफेंदी यांच्याबरोबर त्यांनी संपादित केलेलं सर्वेक्षणपद्धतीवरचं पुस्तक इंडोनेशियातल्या समाजशास्त्राच्या पिढ्यांनी घोकलं. जावात ते तसे परकेच. म्हणूनच असेल, गावाच्या सामंजस्याचे गोडवे त्यांनी गायले नाहीत.

श्रीहार्जोतल्या गरिबाचं उरलेलं पोट भरायचं ते नारळाने. फळाने नव्हे, फुलोऱ्याच्या रसाने. माणूस सकाळ-संध्याकाळ माडावर चढतो, न उमललेल्या फुलोऱ्याच्या टोकाचा पातळ काप घेतो आणि खाली बांबूचं नळकांडं बांधतो. रस आंबू नये म्हणून त्यात चिमूटभर चुना. मग बायको तो कढईत तासन्‌तास आटवते आणि नारळाच्या अर्ध्या करवंटीत ओतते. थंड झाला की तपकिरी वाटीच्या आकाराची ढेप निघते. बरेचदा माडही दुसऱ्याचा, त्यामुळे गुळातही वाटा. दोन माणसांचा सगळा दिवस, पडून हाडं मोडण्याची भीती आणि रोज फाटी शोधायची यातायात. मोबदला इतका तुटपुंजा की शेतमजुरी मिळाली तर हे काम कुणी केलं नसतं. ‘परडं गरिबाला तारतं’ असं म्हणणाऱ्याने त्या कढईशी एक दिवस बसावं.

आणि शेतमजुरी नेमकी त्याच वर्षांत आटत होती. जावाची कापणी तोवर बायकांची. हातात आनी-आनी : तळव्यात लपेल एवढी लाकडी फळी, तिच्या कडेला छोटं पातं. एकेक लोंबी धरायची आणि बोटांच्या दाबाने खुडायची. भाताची देवता देवी श्री हिला विळा दिसू नये, अशी श्रद्धा. शेत पिकलं की गावातली आणि बाहेरचीही माणसं शेकड्यांनी शिरत, आणि प्रत्येकीला तिने कापलेल्यातला ठरलेला वाटा मिळे. तो ‘बावोन’. साधारण आठ-दहा भागांतला एक, जवळच्या नात्याला थोडा जास्त. आलेल्याला परत पाठवणं मालकाला जड जाई.

मग आखूड, मजबूत ताटांचे नवे वाण आले. पाठोपाठ खत आणि सरकारी कर्ज. विल्यम कॉलियर आणि सहकाऱ्यांनी 1973 साली टिपलेली गोष्ट अशी : मालक उभं पीकच व्यापाऱ्याला विकू लागले. याला ‘तबासान’ म्हणतात. व्यापारी आपली माणसं आणतो, आपले विळे आणतो, तागडी आणतो, आणि गावातल्या बायका बांधावर उभ्या राहतात. मालकाने कुणाला नाही म्हटलेलं नसतं. पीक त्याचं राहिलेलंच नसतं. बावोनची जबाबदारी झटकायची याहून सभ्य युक्ती मला माहीत नाही. तिकडे भातगिरण्या आल्या आणि लाखो बायकांचं कांडणाचं काम गेलं. किती गेलं, यावरही पीटर टिमर आणि कॉलियर यांच्यात आकड्यांचं भांडण झालं.

मजुरी गेली की प्रश्न उरतो जमिनीचा, आणि तिच्या मालकीच्या कागदांचा इतिहास मोठा आहे. पण त्यातला बराचसा रटाळ आहे, म्हणून महत्त्वाचेच थांबे घेतो. 1811 मध्ये इंग्रजांनी जावा घेतलं. गव्हर्नर रॅफल्स यांनी जमिनीच्या चौकशीसाठी नेमलेल्या समितीवर कर्नल कॉलिन मॅकेन्झी होते. मद्रास इलाख्यात वर्षानुवर्षं मोजणी केलेले आणि पुढे भारताचे पहिले सर्वेअर जनरल झालेले तेच मॅकेन्झी. जमीन राजाची, म्हणजे आता कंपनी सरकारची, असा अर्थ लावून रॅफल्स यांनी आधी गावागणिक आणि 1814 पासून रयतेगणिक सारा ठरवला. उत्तम भातखाचरावर निम्मं पीक. मद्रासची रयतवारी आणि पुढे मुंबई इलाख्यात आलेली सारापद्धत ज्याला माहीत आहे, त्याला ही भाषा ओळखीची वाटेल.

जावा पुन्हा डचांकडे गेलं आणि 1830 पासून त्यांनी सक्तीची ऊस-नीळ-कॉफी लावली. जमीन व्यक्तीची की गावाची यावर हेगमध्ये पक्ष भांडले, तेव्हा 1867 साली सरकारने चौकशीचा हुकूम काढला. अधिकाऱ्यांनी 808 गावांत प्रश्नावली फिरवली. बेर्खस्मा यांनी सिद्ध केलेला तो अहवाल तीन खंडांत, 1876 ते 1896, असा रमतगमत निघाला. मुख्य प्रश्नाचा कायदा मात्र 1870 मध्येच होऊन गेला होता : ज्या जमिनीवर मालकी सिद्ध होत नाही ती सरकारची. चौकशी पूर्ण होण्याआधी निकाल लावण्याची हौस कुठल्या एकाच सरकारची नसते.

योग्यकार्ता संस्थान असल्यामुळे या चौकशीत नव्हतंच. तिथली जमीन सुलतानाची. 1918 च्या सुधारणेत जहागिरी गेल्या, शेतकऱ्याला वंशपरंपरेचा हक्क मिळाला, आणि गावाच्या जमिनीतून लुराह, म्हणजे गावप्रमुख, व इतर गावकामगारांना पगाराऐवजी तुकडे लावून दिले. त्यात निवृत्त गावकामगाराच्या पेन्शनीचा तुकडाही आहे : पंगारम-आरम. वतनाच्या गोष्टी ऐकलेल्या वाचकाला हे वेगळं समजावायला नको.

स्वतंत्र इंडोनेशियाचा मूळ जमीन कायदा 24 सप्टेंबर 1960 चा. पूर्ण मालकी, ‘हाक मिलिक’, फक्त नागरिकाला. त्याच वर्षीच्या दुसऱ्या कायद्याने कमाल मर्यादा ठरवली. दाट वस्तीत भातखाचराला 5 हेक्टर. किमान उद्दिष्ट कुटुंबाला 2 हेक्टर. श्रीहार्जोने स्वतःहून मागितलेल्याच्या दुप्पट! अंमलबजावणी रखडली. डाव्या शेतकरी संघटनेने 1963-64 पासून क्लातेनसारख्या भागांत जमिनी परस्पर ताब्यात घ्यायला सुरुवात केली, आणि 1965-66 च्या कत्तलींत त्या संघटनेबरोबर सुधारणेचा विषयही पुरला गेला. पुढे तीसेक वर्षं जमीन-फेरवाटप हे शब्द उच्चारणारा कम्युनिस्ट ठरे. पेनी आणि सिंगारिम्बुन यांच्या बेरजेत फेरवाटपाची बाजू इतकी दबक्या आवाजात का, हे त्या काळाकडे पाहिल्यावर कळतं.

आज गावाच्या कचेरीत ‘लेटर सी’ नावाचं जाड रजिस्टर असतं. नाव, तुकड्याचा क्रमांक, प्रत (भातखाचराला एस, कोरड्या जमिनीला डी), क्षेत्र, सारा, आणि बदलाचं कारण : वारसा, खरेदी, बक्षीस. आपल्या फेरफाराचा चुलतभाऊच. ही नोंद म्हणजे मालकीचा निर्णायक पुरावा नव्हे, असं इंडोनेशियाच्या सर्वोच्च न्यायालयाने 1960 सालीच म्हटलं, तरी गावाने व्यवहार त्याच वहीवर केले. 2017 पासून सरकारने गावोगाव सरसकट नोंदणीची मोहीम चालवली. जावात पूर्वतयारीची फी 1,50,000 रुपियाह. आणि 2021 च्या नियमाने लेटर सीसारख्या जुन्या कागदांना पाच वर्षांची मुदत दिली. तिची अखेरची तारीख 2 फेब्रुवारी 2026. त्यानंतर जुना कागद पुरावा म्हणून चालत नाही, नोंदणीसाठी फक्त दिशा दाखवतो.

प्रमाणपत्र हाती आलं की जमीन बाजारात सुटते. 1961 च्या नियमाप्रमाणे शेतजमिनीचा मालक त्याच किंवा शेजारच्या तालुक्यात राहायला हवा. शहरातला गिऱ्हाईक यावर गावचं ओळखपत्र काढतो किंवा गावातल्या कुणाचं नाव उसनं घेतो. योग्यकार्तात आणखी एक गाठ : 1975 च्या एका सूचनेमुळे चिनी वंशाच्या इंडोनेशियन नागरिकांना तिथे हाक मिलिक मिळत नाही, आणि त्याविरुद्धचे दावे फेटाळले गेले. गावाच्या मालकीची जमीन स्लेमान जिल्ह्यात बिल्डरांनी भाड्याने घेतली आणि तिच्यावरची घरं विकली. 2023 पासून खटले चालले, लुराहांना शिक्षा झाल्या आणि घरं घेणारे अडकले.

एकरकमी पैसा काय करतो, हे तुबानजवळच्या सुमुरगनंग गावात दिसलं. तेलशुद्धीकरण प्रकल्पासाठी जमिनी गेल्या आणि 2021 च्या सुरुवातीला गावात 176 नव्या गाड्या आल्याची बातमी जगभर गेली. वर्षभरात त्याच परिसरातून, काम नाही, गुरं विकून भागवतोय, अशा तक्रारीही छापून आल्या. पहिल्या बातमीवर हसणाऱ्यांनी दुसरी वाचली नसावी.

सिंगारिम्बुन श्रीहार्जोकडे 1990 च्या दशकापर्यंत परत परत वळत राहिले. तोवर गरिबी घटली होती. कारण जमीन नव्हे. शहरातली बांधकामं, दुकानं, कारखाने. 2023 च्या कृषिगणनेत इंडोनेशियातली अर्ध्या हेक्टरखालची शेतकरी कुटुंबं 1 कोटी 69 लाख भरली, दहा वर्षांपूर्वीच्या 1 कोटी 42 लाखांवरून वाढून. वारसा मुलामुलींत वाटला जातो, तुकडे होतात, वारस बाताम, जकार्ता, हाँगकाँगला असतात. त्यांना जमीन विकवत नाही आणि कसवतही नाही. मग ती कुणीतरी ‘मारो’ने, अर्धेलीने, करतो.

या माणसाचं नाव कुठल्याच कागदावर नाही. रॅफल्सच्या वहीत सारा भरणारा होता, डचांच्या कायद्यात सरकार, आजच्या प्रमाणपत्रात मालक. एकाच कायद्याने कसणाऱ्याची दखल घेतली : 1960 चा क्रमांक 2. वाटेकरीचा करार लेखी हवा, लुराहासमोर हवा, भातखाचराला किमान तीन वर्षांचा, कोरड्या जमिनीला पाच. गावोगाव करार आजही तोंडीच होतात. श्रीहार्जोसारख्या गावात गुंतवणूक म्हणून जमिनीला बरे दिवस आहेत, यात मला शंका नाही. भाताला ते यायचे असतील तर कसणाऱ्याला पुढच्या हंगामाची खात्री लागेल. त्यासाठी नवा कायदा करायचीही गरज नाही. तो क्रमांक 2 अजून रद्द झालेला नाही.