साउंडचेक म्हणजे सराव नव्हे

साउंडचेक म्हणजे गाण्यांची शेवटची तालीम, हा समज चर्चमधल्या अनेक आराधना संघांत पक्का रुजलेला आहे आणि रविवारचा सगळ्यात जास्त वेळ तोच खातो. पट्टी कोणती, ध्रुपद किती वेळा, मधल्या तुकड्याला पेटी की कीबोर्ड, हे सगळं आठवड्यातल्या सरावात ठरलेलं हवं. साउंडचेकमध्ये तपासायच्या गोष्टी तीनच: प्रत्येक आवाज मिक्सरपर्यंत स्वच्छ पोचतो का, गाणाऱ्याला स्वतःचं ऐकू येतं का, आणि मंडळीला शब्द कळतात का. वायरी, माइकचे सेल आणि ॲक्टिव्ह डीआय बॉक्सला लागणारी 48 व्होल्टची फँटम पॉवर संघ येण्याआधीच तपासलेली असेल, तर पाच-सहा जणांच्या संघाला अर्धा तास पुरतो.

“हॅलो, चेक, वन टू थ्री” म्हटलं की माइक तपासून झाला, हाही असाच एक समज. त्याने वायर चालू आहे एवढंच कळतं. बोलणारा माणूस ध्रुपदाला दुपटीने मोकळा होतो आणि आवाज फाटतो. म्हणून गेन लावताना गीतातली सर्वांत जोराची ओळ, खऱ्या ताकदीने गाऊन घ्यावी. डिजिटल मिक्सरवर सरासरी पातळी उणे 18 डेसिबलच्या आसपास असावी आणि सर्वांत जोराच्या जागेलाही लाल दिवा लागू नये. नंतर गेनला हात लावू नका, कमी-जास्त फेडरवर करा. बहुतेक मिक्सरांवर गेन हलला की गायकाचा मॉनिटरही हलतो.

सुरुवात ड्रमपासूनच करायची ही रीत मोठ्या मैफलींची. माझ्या मते उपासनेत मुख्य गायकापासून सुरुवात करावी, कारण मंडळी त्याच्याच आधाराने गाते. मग पेटी आणि तबला. ही वाद्यं हळू वाजतात, त्यांच्या माइकचा गेन जास्त लागतो आणि शेजारचा ड्रमसेट त्याच माइकमधून आत शिरतो. ड्रम शेवटी, आणि ड्रमरला हात हलका ठेवायला सांगून.

सर्वांत त्रास देणारा गैरसमज शिटीबद्दलचा आहे. शिटी वाजली की मिक्सर खराब, नाहीतर इक्वलायझर चुकला, असं आपण धरून चालतो. खरं तर स्पीकरमधून निघालेला आवाज माइकमध्ये परत शिरतो आणि पुन्हा वाढून बाहेर येतो, तेव्हा शिटी वाजते. उपाय बराचसा गायकाच्या हातात असतो. माइक तोंडापासून निम्म्या अंतरावर आणला की आवाज सुमारे 6 डेसिबलने वाढतो. जाळीभोवती मूठ आवळली, तर माइक सगळीकडचा आवाज ओढू लागतो. उघड्या माइकची संख्या दुप्पट झाली की साधारण 3 डेसिबलची मोकळीक जाते, म्हणून न गाणाऱ्याचा माइक बंदच हवा. मॉनिटरची जागाही महत्त्वाची. कार्डिऑइड माइक बरोबर मागच्या बाजूने बहिरा असतो, सुपरकार्डिऑइड मागच्या दोन्ही कोपऱ्यांकडून, म्हणून मॉनिटर त्याच बाजूला ठेवावा. आणि “मला ऐकू येत नाही” असं कोणी म्हटलं की लगेच वाढवू नका. आधी त्याच्या मॉनिटरमधलं काय कमी करता येईल ते विचारा. सगळ्यांचे मॉनिटर वाढले, की मंचावरचाच आवाज शब्द गिळतो.

रिकाम्या चर्चमध्ये छान वाटलं म्हणजे भरल्यावरही तसंच वाटेल, असं नसतं. हार्वर्डच्या वॉलेस सबाइन यांनी 1895 पासून फॉग सभागृहाच्या घुमण्याचा अभ्यास केला. त्यासाठी शेजारच्या सँडर्स थिएटरमधल्या खुर्च्यांच्या गाद्या ते रात्री आणून ठेवत आणि आवाज विरायला किती वेळ लागतो ते मोजत. एक माणूस साधारण सहा गाद्यांइतका आवाज शोषतो, असं त्यांना आढळलं. उंच छताच्या दगडी चर्चमध्ये हा फरक स्पष्ट जाणवतो. रिकाम्या जागेत कर्कश वाटतात म्हणून उंच स्वर कापून टाकले, तर बाकं भरल्यावर शब्द पुसट होतात. म्हणून साउंडचेकला एक गीत शेवटच्या बाकाजवळ उभं राहून ऐकावं आणि पहिल्या गीतात गायकाचा फेडर थोडा वर न्यायची तयारी ठेवावी.

सगळं जमलं की डिजिटल मिक्सरवर सेटिंग सेव्ह करा. साधा मिक्सर असेल, तर मोबाइलवर नॉबचा फोटो काढून ठेवा. आणि पाळकांचा माइक तपासल्याशिवाय कोणालाही मंचावरून सोडू नका. उपदेश गाण्यांइतकाच लांब असतो, कॉलरचा माइक तोंडापासून दूर असतो, आणि तो तपासायचा तेवढा राहून जातो.