चॉकलेटचे सेवन आणि आरोग्य : लाभ व मर्यादा

प्रास्ताविक
भोर तालुक्यातील उत्रोलीसारख्या गावात लहान मूल दुकानदाराकडे ‘चॉकलेट’ मागते, तेव्हा त्याच्या हाती बहुधा साखरेच्या पाकाची गोळी किंवा टॉफी पडते. मराठी बोलीत कागदात गुंडाळलेल्या कोणत्याही गोड गोळीस ‘चॉकलेट’ म्हणण्याचा प्रघात आहे. शाळेत वाढदिवसानिमित्त वाटली जाणारी ‘चॉकलेटे’ही बहुतांशी याच प्रकारची असतात. दुसरीकडे, चॉकलेट हृदयास हितकर असल्याच्या वार्ता वारंवार प्रसिद्ध होतात. शब्द एक असला तरी पदार्थ एक नाही. हा भेद ध्यानात घेऊन चॉकलेटच्या सेवनाचे लाभ व मर्यादा स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

चॉकलेटचे घटक
‘थिओब्रोमा काकाओ’ या वृक्षाच्या बिया आंबवून, वाळवून, भाजून व दळून कोको तयार होतो. त्यातील स्निग्धांश म्हणजे कोको बटर. आरोग्यदृष्ट्या महत्त्वाची फ्लॅव्हॅनॉल ही द्रव्ये मात्र स्निग्धांशविरहित भागात असतात. भारतातील २०११ च्या अन्न मानक विनियमांत हा भाग प्लेन चॉकलेटमध्ये किमान १२ टक्के, तर मिल्क चॉकलेटमध्ये केवळ २.५ टक्के अपेक्षिलेला आहे. व्हाइट चॉकलेटमध्ये तो नसतोच. शिवाय भाजणे आणि अल्कलीची प्रक्रिया यांमुळेही फ्लॅव्हॅनॉलचे प्रमाण घटते.

लाभ
फ्लॅव्हॅनॉलमुळे रक्तवाहिन्यांच्या अस्तरात नायट्रिक ऑक्साइडची उपलब्धता वाढते व वाहिन्या प्रसरण पावण्यास साहाय्य होते. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१२ मध्ये दररोज २०० मिलिग्रॅम कोको फ्लॅव्हॅनॉलच्या बाबतीत हा परिणाम मान्य केला. एवढी मात्रा फ्लॅव्हॅनॉलसमृद्ध अशा सुमारे १० ग्रॅम डार्क चॉकलेटमधून मिळू शकते. डार्क चॉकलेटमध्ये मॅग्नेशियम व लोह हेही लक्षणीय प्रमाणात असतात.

तथापि, अमेरिकेतील २१,४४२ प्रौढांवरील ‘कॉसमॉस’ चाचणीचे २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष सावध करणारे आहेत. रोज ५०० मिलिग्रॅम फ्लॅव्हॅनॉल देऊनही हृदयविकाराच्या एकूण घटनांत संख्याशास्त्रीयदृष्ट्या अर्थपूर्ण घट आढळली नाही; हृदयविकारजन्य मृत्यूंत मात्र २७ टक्के घट दिसली. विशेष म्हणजे या चाचणीत चॉकलेट नव्हे, तर कोकोच्या अर्काच्या कॅप्सूल देण्यात आल्या होत्या.

मर्यादा
मिल्क चॉकलेटमध्ये साधारणतः निम्मी साखर असते. म्हणजे ५० ग्रॅमच्या वडीतून सुमारे २५ ग्रॅम साखर पोटात जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या मार्गदर्शनानुसार २००० किलोकॅलरी आहार घेणाऱ्या प्रौढाने मुक्त शर्करा ५० ग्रॅमच्या आत, शक्यतो २५ ग्रॅमच्या आत ठेवावी. लहान मुलांसाठी ही मर्यादा अर्थातच आणखी कमी ठरते. दातांना चिकटणारी साखर दंतक्षयास कारणीभूत होते. डार्क चॉकलेटही सर्वथा निर्दोष नाही. त्यात उष्मांक भरपूर व काही प्रमाणात कॅफिन असते. तसेच अमेरिकेतील ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’ने २०२२ मध्ये तपासलेल्या २८ डार्क चॉकलेटांत शिसे व कॅडमियम आढळले होते.

स्थानिक संदर्भ
या प्रश्नाचे गांभीर्य पुणे जिल्ह्यात अधिक आहे. डॉ. चित्तरंजन याज्ञिक व सहकाऱ्यांनी पुण्याजवळील सहा गावांत केलेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २००३ मध्ये प्रसिद्ध झाले. येथील नवजात बालकांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलोग्रॅम, म्हणजे इंग्लंडमधील बालकांपेक्षा बरेच कमी असूनही त्यांच्या शरीरातील चरबीचे प्रमाण तुलनेने टिकून असल्याचे दिसले. अशी शरीररचना पुढे मधुमेहास अनुकूल ठरू शकते. त्यामुळे सडपातळ दिसणाऱ्या ग्रामीण मुलास साखर बाधत नाही, हा समज धोक्याचा आहे.

समारोप
सारांश, जो काही लाभ सिद्ध झाला आहे तो कोकोतील फ्लॅव्हॅनॉलचा आहे. बाजारातील प्रत्येक चॉकलेटचा नव्हे. ग्राहकाने वेष्टणावरील घटकांची यादी वाचावी. यादीत साखर प्रथम असल्यास तो पदार्थ मुख्यतः मिठाईच समजावा. प्रौढांनी डार्क चॉकलेटचा लहानसा तुकडा खाण्यास हरकत नाही. पण तो औषध म्हणून नव्हे. चिक्की हा पर्याय सुचविताना गूळही साखरच आहे, याचे भान ठेवावे. वाढदिवसाला भाजलेले शेंगदाणे किंवा हंगामी फळे वाटण्याची प्रथा शाळा-महाविद्यालयांतून रुजल्यास ‘चॉकलेट’ या शब्दामागे दडलेली साखर काही अंशी तरी कमी होईल.